उकळलेलं, गाळलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा फिल्टर आहे. भिंतीवर टांगलेला, विजेवर चालणारा, दिवे लुकलुकवणारा नव्हे. स्टीलचे दोन डबे एकावर एक, वरच्या डब्यात पांढऱ्या मातीच्या दोन कँडल आणि खालच्या डब्याला एक तोटी, एवढाच माझा पसारा. वर पाणी ओतायचं, ते कँडलमधून झिरपत खाली येतं, घाण वर राहते. यात न समजण्यासारखं काही नाही. तरीही मला कुणी नीट समजून घेतलं नाही, आणि त्यात माझं काही बिघडलं नाही, बिघडलं ते माणसांचं. तीच हकिगत सांगायला बसलो आहे. ऐकून मन प्रसन्न होईल अशी ती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. सपाट पत्रा यंत्राखाली दाबून त्याचे डबे केले गेले. एका कारागिराने माझ्या पोटाला तोटीसाठी भोक पाडलं, तेव्हा मी कोकललो, पण त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्याने मला कापडाच्या फिरत्या चाकावर धरून इतकं चकचकीत केलं, की त्याला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याने माझ्यात बघून केस नीट केले. आयुष्यात मला मिळालेली पहिली शाबासकी तीच.

कँडल मात्र दुसरीकडून आल्या. बारीक माती भट्टीत भाजून त्या करतात. त्यांच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. त्यातून पाणी जातं, गाळ जात नाही, बहुतेक जंतूही जात नाहीत. पण पाण्यात जे विरघळलेलं असतं ते पाण्याबरोबर बिनबोभाट निघून जातं. माझ्यात साखरेचं पाणी ओतलंत तर खालच्या तोटीतून गोडच पाणी येईल. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. सगळी गोम इथेच आहे.

एका भांड्यांच्या दुकानात मी बरेच दिवस कुकरच्या आणि कढयांच्या शेजारी धूळ खात बसलो होतो. एके दिवशी तिघं जण आले. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या नखांच्या कडांना रंग चिकटलेला होता. त्यांचा मुलगा आणि मुलाची नवी नवरी. म्हातारे घरांना रंग देण्याचं काम करत. मुलगा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासत असे. सून दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती, जिथे चादरी मोठ्या हंड्यांत उकळतात. सासरे तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

दुकानदाराने विचारलं, "नळाला पाणी कसं येतं तुमच्याकडे?"

"पाणी कुठलं, चिखलच येतो," सूनबाई म्हणाली. "बादलीच्या तळाला बोटभर गाळ बसतो."

"मग हाच न्या. गाळ अडवतो, जंतू अडवतो. वीज नको, कटकट नको. फक्त कँडल घासत चला."

म्हाताऱ्यांनी माझ्या पोटावर टिचकी मारून आवाज ऐकला, एखादी भिंत पोकळ आहे का बघावं तसा, आणि मान डोलावली. तेव्हा त्यांना मान डोलावता येत होती. त्या दिवशी दुकानदाराने बरोबर प्रश्न विचारला, त्याला खरं उत्तर मिळालं आणि योग्य वस्तू योग्य घरी गेली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे झालं त्याचं खापर त्या दिवसावर फोडू नका.

त्या भाड्याच्या घराला दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा, आणि ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ, माझी जागा. बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्यांची खाट; पुढे घरात सगळे त्यांना आजोबा म्हणू लागले. मधल्या दाराला पडदा होता, पण तो नावाला. बाहेर कुणी शिंकलं तरी मला कळायचं.

नदीचं पाणी नळाला यायचं ते माझे चांगले दिवस. मी राबराब राबलो. सूनबाई सुटीच्या दिवशी माझ्या कँडल काढायची आणि मऊ ब्रशने घासायची. त्यावरून चहाच्या रंगाचा चिखल ओघळायचा. मग ती नवऱ्याला हाक मारायची, "अहो, इकडे या, बघा! हे सगळं आपल्या पोटात गेलं असतं." नवरा यायचा, नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "बिचाऱ्याची कमाल आहे." शेजारीपाजारी आले की माझ्या कँडल त्यांनाही दाखवल्या जात. चोर पकडून दिल्यावर पोलिसाची छाती जशी फुगते तशी माझी फुगत असे. मला वाटायचं, आपण आहोत तोवर या घराच्या केसाला धक्का लागणार नाही.

मग नदी आटली. वरच्या अंगाला तिचं पाणी वळवलं म्हणे, पाऊसही आखडला, आणि नळ कोरडे पडायला लागले. गावात आरडाओरडा झाला. शेवटी गावाबाहेर खोल बोअर मारले, त्यांचं पाणी टाकीत सोडलं आणि टाकीतून नळाला. ज्या दिवशी ते पाणी पहिल्यांदा आलं, त्या दिवशी गल्लीत लोक एकमेकांना ग्लास दाखवत होते. इतकं स्वच्छ पाणी तिथल्या कुणी नळाला पाहिलंच नव्हतं.

आमच्या चष्मेवाल्याने ग्लास भरला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. त्याचा धंदाच तो. काच घासायची, उजेडासमोर धरायची, बारीकसा ओरखडा दिसला तर पुन्हा घासायची. उजेडात ज्यात काही दिसत नाही ते निर्दोष, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. त्याने ग्लास गोल फिरवून पाहिला आणि म्हणाला, "एक कण नाही. हे पाणी मी भिंग म्हणून विकीन."

सूनबाईने काही आठवड्यांनी कँडल उघडल्या, तर त्या पांढऱ्याशुभ्र. तिला हर्ष झाला. "बघा तरी, मळल्याच नाहीत! सुटलो बाई एकदाचे." तिने त्या तशाच परत बसवल्या आणि मला कोरड्या फडक्याने पुसून लखलखीत केलं. काम होतं तेव्हा मिळाली नाही एवढी शाबासकी काम संपल्यावर मिळाली.

पण मित्रांनो, मला ते पाणी वेगळं लागत होतं. नदीचं पाणी भांडकुदळ होतं, त्यातलं वाईट माझ्याशी दोन हात करायचं आणि हरायचं. या पाण्यातलं जे काही होतं ते भांडत नव्हतं. पाण्याच्या हातात हात घालून ते माझ्या भोकांतून शांतपणे जाई. अडवावं म्हटलं तर हाती लागत नसे. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, आणि नाव माहीत असतं तरी माझ्या तोटीतून पाण्याशिवाय दुसरं काही बाहेर पडत नाही.

त्यानंतर घरात मूल आलं. मुलगी. ती रांगायला लागली तशी मिळेल ती वस्तू दोन्ही हातांत धरून कुरतडायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव खारू ठेवलं. पाळण्यातलं खरं नाव मी एकदाच ऐकलं असेन. खारू वर्षाची व्हायच्या आत तिला जुलाब लागले आणि ती इतकी सुकली, की सूनबाई तिला मांडीवर घेऊन ओट्याशी बसून रडायची. दवाखान्यात ठेवावं लागलं. पोर वाचली, पण सूनबाईच्या मनात धास्ती कायमची घर करून बसली.

धुलाईखान्यात ती एकच गोष्ट शिकली होती. रोग्यांच्या चादरी, पट्टे, टॉवेल, सगळं उकळायचं. नुसती उकळी फुटून भागत नाही, बराच वेळ खळखळलं पाहिजे, असं तिथली मुकादमीण सांगे. तेव्हापासून खारूचं पाणी उकळू लागलं. मोठं पातेलं भरून ती गॅसवर ठेवायची आणि निम्मं होईपर्यंत उतरवायची नाही. मग ते निवलं की माझ्यात ओतायची. "उकळलेलं, वर गाळलेलं," ती कुणालाही अभिमानाने सांगायची. "आमच्या घरात बाहेरच्या पाण्याचा थेंब कुणाच्या तोंडात जात नाही." आणि खरंच, पुन्हा कधी खारूचं पोट बिघडलं नाही. म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

शेजारीण शिवणकाम करायची. तिची पोरं खेळून आली की अंगणातल्या नळालाच तोंड लावायची. ती सूनबाईची थट्टा करायची. "अगं, एवढे काय चोचले पाण्याचे? माझी बघ, कशी टुणटुणीत आहेत."

"तुमची दगडं पचवतील," सूनबाई हसून म्हणायची. "माझी नाजूक आहे."

अशी वर्षं गेली. आजोबांनी काम सोडलं, कारण त्यांची मान अवघडायला लागली होती. आधी सकाळी तेवढी अवघडायची, मग दिवसभर. मग पाठ. मग गुडघे. कुणी हाक मारली तर मान वळवण्याऐवजी त्यांना अख्खं अंग वळवावं लागे, एखादं कपाट सरकवावं तसं. सगळे म्हणाले, आयुष्यभर छताकडे बघत रंग दिला, मान धरणारच. आजोबा स्वतःही तेच म्हणायचे. "छतं रंगवून रंगवून ही वेळ आली. पुढच्या जन्मी फरश्या बसवीन."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं आणि सांगितलं, भरपूर पाणी प्या. सूनबाईने ते मनावर घेतलं. खारूचं जे पाणी, तेच उकळलेलं, निम्मं आटवलेलं, माझ्यातून काढलेलं पाणी ती आजोबांच्या खाटेशी तांब्या भरून ठेवू लागली. रिकामा दिसला की भरायची. "बाबा, पाणी संपवलं नाहीत?" असं रागावायची. बाबा मुकाट्याने प्यायचे. सून इतक्या मायेने विचारते, तिला नाही कसं म्हणायचं? मी त्यांच्या प्रत्येक तांब्याला माझ्या तोटीतून निरोप दिला आहे.

खारूचे दुधाचे दात पडून नवे आले. वरचे पुढचे दोन दात आले ते खडूसारखे पांढरे, मध्येच रेघा. सूनबाईला वाटलं, नवे आहेत, होतील नीट. मग त्या रेघा पिवळट झाल्या, आणि बघता बघता तपकिरी. शेजारचे दात आले तेही तसेच. जणू कुणी त्यांच्यावर चहा सांडून पुसायचा राहिला होता.

सूनबाईने खूळ घेतल्यासारखं केलं. "नीट घासत नाहीस. नुसतं तोंड ओलं करून येतेस. काय चघळतेस गं शाळेत? खरं सांग." खारू शपथा घ्यायची. मग सूनबाई स्वतः ब्रश घेऊन तिला ओट्याजवळ स्टुलावर बसवायची आणि घासायची. एकदा तिने इतकं घासलं, की हिरड्यांतून रक्त आलं आणि खारू रडत रडत म्हणाली, "आई, दातच काढून टाक ना सगळे." सूनबाईने ब्रश खाली टाकला, पोरीला पोटाशी धरलं, आणि तोंड धुवायला ग्लास भरून दिला. कशातून भरला, ते मी सांगायला नको.

तेव्हापासून खारू हसताना तोंडावर हात धरायला लागली. आधी शाळेत, मग घरीही. आजोबांनी गंमत केली तरी हात वर जायचा.

घरात कुणी विचार केला नाही असं नाही. चष्मेवाल्याच्या मनात आलं, आपला फिल्टर जुना झाला, तो काही कामाचा राहिला नसेल. त्याने माझ्या कँडल बदलल्या. मग दोघं जाऊन त्याच दुकानातून विजेवर चालणारं मशीन घेऊन आले. दुकानात काय झालं ते मला चष्मेवाला घरी येऊन आजोबांना सांगत होता त्यावरून कळलं.

"दुकानदार भला माणूस आहे हो, बाबा. म्हणाला, मोठं मशीन गळ्यात मारू शकतो तुमच्या, पण ते निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडतं. खारट पाण्याला घेतात ते. तुमचं पाणी खारट आहे का? म्हटलं, छे, गोड आहे. गढूळ? म्हटलं, काचेसारखं. तर म्हणाला, मग हे दिव्याचं पुरे. प्रकाशाने जंतू मरतात."

"जंतूंना उजेड सोसत नाही वाटतं," आजोबा म्हणाले. "माझ्यासारखेच. मलाही खिडकीकडे वळायला अर्धा दिवस लागतो."

सगळे हसले. खारूही हसली, हात धरून.

मित्रांनो, दुकानदाराने पुन्हा दोन प्रश्न विचारले आणि त्याला दोन्ही उत्तरं खरी मिळाली. पण तिसरा प्रश्न, या पाण्यात न दिसणारं, चव नसलेलं काय विरघळलं आहे, तो त्याला सुचला नाही. हे त्या माणसांना सुचणार तरी कसं? त्यासाठी पाणी बाटलीत भरून तपासायला न्यावं लागतं, आणि स्वच्छ दिसणारं पाणी तपासायला कोण नेतो?

ते मशीन माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर बसवलं. त्यात जांभळा दिवा लागायचा आणि ते गुणगुणायचं. मला ओट्यावर तसंच ठेवलं, वीज गेली तर उपयोगी पडेन म्हणून. सुरुवातीला मी त्याच्यावर जळलो, खोटं कशाला बोलू. मग माझ्या लक्षात आलं, जळण्यासारखं काही नाही. ते जंतू मारणारं, मी गाळ अडवणारा, आणि त्या उकळलेल्या पाण्यात ना जंतू होते ना गाळ. आम्ही दोघं एका रिकाम्या दारावर पहारा करत होतो आणि जे यायचं ते दुसऱ्याच वाटेने घरात येत होतं. सूनबाईने उकळणं मात्र सोडलं नाही. उकळून, आटवून, मग मशीनमधून. तिचा कशावरच पूर्ण विश्वास बसत नव्हता, म्हणून ती सगळंच करायची.

शेवटी ती खारूला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आली तेव्हा संध्याकाळचा उजेड खिडकीत होता. तिने खारूला आजोबांपाशी बसवलं आणि आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. चष्मेवाला नुकताच कामावरून आला होता.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"विचारलं, पाणी कुठलं पिता. मी म्हटलं, नळाचं, पण उकळून. निम्मं आटवून. वर मशीनमधून काढून." तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "मला वाटलं, शाबास म्हणतील."

"मग?"

"त्यांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाल्या, मिठाचं पाणी आटवलंत तर खारटपणा जातो की वाढतो?"

चष्मेवाल्याने ओट्यावरच्या आटवलेल्या पाण्याच्या पातेल्याकडे पाहिलं.

"पाण्यात फ्लोराइड आहे म्हणे. जमिनीच्या पोटातनं येतं, खोल बोअरच्या पाण्यात. दिसत नाही, वास नाही, काही नाही. उकळलं की पाण्याची वाफ होऊन जाते, ते मागे राहतं. फिल्टरने जात नाही, दिव्याने जात नाही." तिने पदराचं टोक मुठीत आवळलं. "पाणी निम्मं केलं की ते दुप्पट. मी माझ्या हाताने दुप्पट करून पाजलं हो तिला. शेजारणीची पोरं नळाला तोंड लावतात, त्यांच्या दातांवर नुसता पांढरा ठिपका आहे. सगळ्या गल्लीत जास्त खराब दात कुणाचे, तर माझ्या पोरीचे."

"अगं, तुला काय माहीत होतं? मीच ग्लास उजेडात धरून..."

"डाग जाणार नाहीत. घासून तर नाहीच. दात हिरडीच्या आत बनत होते तेव्हाच ते मुरलं. वरून काही लेप लावता येतो म्हणाल्या, मोठी झाल्यावर, पण आतला दात ठिसूळच राहणार." मग तिचा आवाज खाली आला. "मी बाबांचंही विचारलं. हाडांतही साठतं. साठलेलं निघत नाही."

पडद्याबाहेर हालचाल झाली. आजोबा दारात उभे होते, एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हातात रिकामा तांब्या. तो भरून घ्यायला ते स्वतः उठून आले होते, आणि बाहेर कुणी शिंकलं तरी आत कळणाऱ्या घरात आतलं बाहेर कळल्याशिवाय कसं राहणार?

सूनबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबा, मी तुम्हाला रागावून रागावून पाजलं."

आजोबांनी तांब्या ओट्यावर ठेवला, माझ्या अगदी शेजारी. "म्हणजे छतांचा काही दोष नव्हता," ते म्हणाले. "उगीच इतकी वर्षं शिव्या घातल्या बिचाऱ्यांना." मग त्यांनी अख्खं अंग सुनेकडे वळवलं. त्याला बराच वेळ लागला. "तू दिलंस म्हणून प्यालो, पोरी. पुन्हा दिलंस तरी पिईन. रडू नकोस, बाहेर खारू ऐकेल."

पण ती ऐकतच होती. मित्रांनो, मला पापण्या असत्या तर मी त्या त्या दिवशी मिटून घेतल्या असत्या.

चष्मेवाला दुसऱ्याच दिवशी बाटली भरून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेला. तिथले म्हणाले, आम्ही दर महिन्याला तपासतो, जंतू नाहीत, पिण्यायोग्य आहे. तो हटून बसला. मग पाणी मोठ्या प्रयोगशाळेत गेलं, आणि उत्तर आलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच खरं, चालतं त्याच्या कितीतरी पट जास्त. तो ते घेऊन पुन्हा कार्यालयात गेला. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "नदीला पाणी नाही. बोअर बंद केले तर उद्या गावाला काय पाजू?" चष्मेवाल्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तो चिडलेला नव्हता. चिडायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो.

मग विरघळलेलंही अडवणारं ते मोठं मशीन बसवून पाहिलं. आता नळाला जेमतेम पाणी येत होतं, धार करंगळीएवढी. मशीनला तेवढ्या धारेवर पुरेसा दाबच मिळेना. मिळाला तर पिण्यापुरतं पाणी होईपर्यंत त्याहून जास्त मोरीत वाहून जाई, आणि भांडी घासायलाही उरत नसे. दोन आठवड्यांत ते बंद पडलं. शेवटी सूनबाईच्या भावाने बोलावलं, दुसऱ्या गावी, जिथे अजून तलावाचं पाणी मिळतं. आधीचे दात परत येणार नव्हते, आणि उरलेलेही आत बनून गेले असतील असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आजोबांची पाठ मोकळी होणार नव्हती. निदान पोरीची हाडं तरी वाचावीत, एवढ्यासाठी ते घर सोडून निघाले.

आजोबांना गाडीत बसता येईना, कारण बसायला वाकावं लागतं. शेवटी त्यांना मागच्या बाकावर आडवं सरकवलं. "शिडी नेतात तशी न्या मला," ते म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही.

सूनबाई शेवटचं बघायला ओट्यापाशी आली. दोन्ही मशीनं काढून नेली होती. तिने मला शिवी दिली नाही आणि मायेने हातही फिरवला नाही. माझ्या कँडल काढून फेकून दिल्या आणि मला रिकामं करून ओट्यावर उपडं घातलं, कुणी वापरू नये म्हणून. दारात घरमालकीणबाई उभ्या होत्या. "काकू, नवीन कुणी आलं तर सांगाल ना? घरात लहान मूल असेल तर हे पाणी देऊ नका म्हणावं. उकळून तर मुळीच नको."

"सांगते गं, सांगते. जा तू निश्चिंत."

काकू दुष्ट नव्हत्या. पण घर रिकामं राहिलं. बघायला येणारा प्रत्येक जण पाण्याचं विचारायचा, आणि पहिल्या दोघांना काकूंनी खरं सांगितलं, ते परत आले नाहीत. काकू स्वतः तेच पाणी पीत होत्या. त्यांचे गुडघे दुखत, पण या वयात कुणाचे दुखत नाहीत? हळूहळू त्यांनाच वाटू लागलं, सूनबाईने उगीच बाऊ केला. मग त्यांनी मला सरळ केलं, घासलं, नव्या कँडल आणून बसवल्या. तिसऱ्यांदा एक तरुण जोडपं आलं, कडेवर दोन-तीन महिन्यांचं बाळ. बाईने नळ सोडून पाहिला आणि पाण्याचं विचारलं.

"स्वच्छ आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलं, आणि मग माझ्या झाकणावर हात ठेवला. "आणि हा फिल्टर आहेच."

त्या बाईच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. ती मी डोळ्यांदेखत जाताना पाहिली, माझ्या नावावर.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. फिल्टर घ्यायला दुकानात जाण्याआधी आपलं पाणी एका बाटलीत भरून तपासायला न्या. त्यात गाळ आहे, जंतू आहेत, की न दिसणारं काही विरघळलेलं आहे, ते आधी कळू द्या, मग फिल्टर निवडा. पाणी नितळ दिसतं म्हणून समाधान मानू नका, आणि माझ्यासारख्याला घरात आणून निर्धास्त तर मुळीच होऊ नका. आमची काळजी घ्या असं सांगायची इतर वस्तूंची रीत आहे. माझी खूप काळजी घेतली गेली. माझ्यात काही बिघाड नाही, मी अजून लखलखतो, माझी तोटी ठिबकत नाही. तुम्हाला बोलता येतं, विचारता येतं, अडून बसता येतं. मला यातलं काही येत नाही.

आता मला थांबावं लागेल. बाळ उठलं आहे, आणि त्याची आई दुधाची पावडर घातलेली बाटली घेऊन माझ्याकडे येते आहे.